कोकचं खातं

सोलरवाल्या पोरानं मामाच्या शेडवर चढून मोबाईल आभाळाकडं धरला, जागच्या जागी गोल फिरला आणि वरनंच ओरडला, "काका, ही चिमणी पाडायला लागणार बघा." मामा खाली चहा बशीत ओतत होता, तो मधेच थांबला. पोराचं म्हणणं चुकीचं नव्हतं. दुपार कलली की बंद पडलेल्या कपोलाच्या, म्हणजे कोळशावर लोखंड वितळवायच्या जुन्या भट्टीच्या, चिमणीची सावली पत्र्यावर लांबच्या लांब पडते, आणि पॅनेलं एकाला एक अशी ओळीनं जोडलेली असतात त्यामुळं एकावर सावली आली तरी अख्ख्या ओळीची वीज घसरते. चिमणी तशी कुणाच्या कामाची राहिलेली नाही, पत्रा गंजलाय, आतल्या विटा ढासळल्यात, वरच्या तोंडाशी पिंपळ उगवलाय. गॅस कटर आणि क्रेन आणली तर अर्ध्या दिवसाचं काम. "पॅनेलं पलीकडं सरकव," मामा म्हणाला. पोरगं म्हणालं पलीकडं जागा कमी हाय, आठ-धा किलोवॅट कमी बसंल. "मग कमी बसव," मामा म्हणाला आणि बशी तोंडाला लावली.

एवढंच झालं. पण ते डोक्यातनं जाईना, कारण मामा जुनं कवटाळून बसणाऱ्यातला नव्हे. आजोबांचा लेथ, ज्याच्यावर ऑइल इंजिनचे पार्ट करून या घरानं कोल्हापूरच्या उद्यमनगरात पहिला गाळा घेतला, तो त्यानं भंगारात किलोवर घातला आणि आलेल्या पैशात कंप्रेसर आणला. आजी किती दिवस बोलली नाही त्याच्याशी, याला काही फरक नाही. फाउंड्री एमआयडीसीत हलवली तेव्हा उद्यमनगरातला गाळासुद्धा विकला, मागं वळून बघितलं नाही. अशा माणसानं आठ-दहा किलोवॅटवर पाणी सोडायचं म्हणजे काय, आणि तेही मार्च तोंडावर असताना. मी त्याच्या वह्या सांभाळते, म्हणजे टॅली, जीएसटी, बँकेचे कागद, सगळं. सोलरला घसारा 40 टक्के मिळतो, आपल्या बाकीच्या मशिनरीला 15, आणि मार्चच्या आत चालू केलं तरी निम्मा घसारा यंदाच पदरात पडतो. हे मीच दादाला सांगितलं होतं. दादा म्हणजे मामाचा थोरला. पर्यावरण वगैरे शब्द त्या बोलण्यात एकदाही आला नव्हता, खोटं कशाला सांगू.

वह्यांमधनं बघितलं तर कपोला संपला तो असाच एका मार्चअखेरीला. 'कोक खरेदी' हे खातं होतं, धनबादकडनं यायचा हार्ड कोक, म्हणजे भाजून कडक केलेला कोळसा, ट्रकभाडं वेगळं, ओला आला तर वजनाची कटकट वेगळी. त्या खात्याची शेवटची एंट्री झाली आणि पुढच्या वर्षी ते शून्यावर राहिलं, आणि त्याच्या खाली 'विद्युत खर्च' म्हणून जे खातं होतं ते फुगत फुगत पगारापेक्षा मोठं झालं. कागदावर बदल इतका साधा दिसतो. एक ओळ बारीक होते, एक ओळ जाड होते.

प्रत्यक्षात तो दिवस ओतायचा दिवस असायचा.

लहानपणी सुट्टीत मामाकडं आलं की विचारायचं, ओतायचं कधी हाय? रोज नसायचं. आठवडाभर मोल्ड, म्हणजे वाळूचे साचे, भरून ठेवायचे आणि मग एक दिवस भट्टी लावायची. सकाळी लाकडं पेटवून खालचा थर धरायचा, मग कोक, लोखंड, चुनखडी, परत कोक, परत लोखंड, असं वरच्या खिडकीतनं पाट्यांनी टाकत जायचं. ब्लोअर चालू झाला की शेडचे पत्रे थरथरायचे आणि बोललेलं ऐकू यायचं नाही, सगळी माणसं हातवाऱ्यावर. पहिला रस निघायच्या आधी तात्या, म्हणजे भट्टीवरचे मिस्त्री, निळी काच डोळ्यापुढं धरून भोकातनं आत बघायचे. बराच वेळ बघायचे. काय बघताय विचारलं तर म्हणायचे, "रंग." मग पहारीनं मातीचा बोळा फोडला की पांढरा-पिवळा रस पन्हाळीतनं लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या बादलीत, ठिणग्या छतापर्यंत, आणि तोंडात एक चव यायची, तांब्याची नाणी चोखल्यावर येते तशी. आम्हा पोरांना लांब दाराशी उभं करायचे. त्यादिवशी संध्याकाळी नाक शिंकरलं की काळं. शेजारच्या बायका वाळत घातलेली धुणी परत धुवायच्या आणि मामीशी भांडायच्या, मामी बिचारी काय बोलणार, तिचीपण धुणी त्याच दोरीवर. मला ते सगळं फार आवडायचं. आत्ता लिहितानाही आवडतंय, आणि त्याच धुराच्या आसपास आजोबांची छाती भरलेली असायची हेही मला माहिती आहे. दोन्ही एकाच वेळी खरंय, त्याला मी काय करू.

कपोला गेला तो धुराच्या त्रासानं गेला असं आता सगळे सांगतात. नोटीस आली होती हे खरं. पण नोटिसा आधीही यायच्या आणि फाईलला लागायच्या. खरं कारण गिऱ्हाईक. गाड्यांचे पार्ट घेणाऱ्यांना साधं बीड नको झालं, एसजी आयर्न, म्हणजे त्यापेक्षा चिवट जातीचं लोखंड, पाहिजे झालं, आणि कोकवर वितळवलेल्या लोखंडात कोकमधला गंधक उतरतो, तो एसजीला चालत नाही. रिजेक्शन वाढलं. प्रत्येक हीटचा, म्हणजे भट्टीच्या एकेका घाण्याचा, रिपोर्ट मागायला लागले. त्यात कोकचे भाव. दादा तेव्हा नुकताच डिप्लोमा करून आलेला, तो म्हणाला इंडक्शन, म्हणजे विजेवरची भट्टी, घेऊया, मामा म्हणाला लाईट गेली तर भट्टीत गोठलेला रस काय तुझा बाप काढणार काय, आणि मग वर्षभरानं स्वतःच बँकेत गेला. कर्जाला तारण काय दिलं? शेड. शेड कशातनं उभी राहिलेली? कपोल्यातनं. माझ्याकडं सगळे कागद आहेत.

तर सोलरवाला येऊन गेला त्याच रात्री दादानं घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. पुण्याच्या ज्या गिऱ्हाईकाला आम्ही माल देतो त्यांच्या सप्लायर मीटमध्ये दाखवला होता म्हणे. डेन्मार्कच्या ऑर्स्टेड कंपनीची गोष्ट. आधी कोळसा, तेल, गॅस विकणारी कंपनी, आता समुद्रात पवनचक्क्या उभ्या करणारी जगातली सगळ्यात मोठ्यांपैकी एक. मागं पियानो, पुढं निळा समुद्र, पांढऱ्या पाती फिरताहेत, आणि एक आवाज सांगतोय की आम्ही ठरवलं आणि बदललो. खाली दादाचा मेसेज, "पप्पा बघा, धा वर्षांत केलं यांनी." मामानं अंगठा दाखवला. मामा सगळ्यालाच अंगठा दाखवतो, गुड मॉर्निंगलाही.

मला त्या पियानोनं झोप येईना. धा वर्षांत कुणी ठरवून बदलतं का हो? मी तरी असं खातं बघितलेलं नाही. मग मी वाचत बसले.

कंपनी मूळची सरकारी, 1972 साली सुरू झाली, तेल आणि गॅससाठीच. 2006 साली तिच्यात देशातल्या पाच वीज कंपन्या मिसळल्या आणि तिचं नाव डाँग एनर्जी झालं, म्हणजे आता तेल, गॅस आणि कोळशाची वीज असं सगळं एका छताखाली. गंमत म्हणजे त्या मिसळलेल्या कंपन्यांबरोबरच पवनचक्क्याही आल्या, कुणी खास मागवल्या नव्हत्या. 1991 साली विंडेबी नावाच्या गावाजवळ समुद्रात 11 पवनचक्क्या लावलेल्या होत्या, जगातलं पहिलं समुद्री पवनक्षेत्र, सगळ्या मिळून जेमतेम 5 मेगावॅट. पुढं 2002 ला हॉर्न्स रेव्हला 80 लावल्या, आणि 2004 साली खारी हवा आत शिरून ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर बाद व्हायला लागले म्हणून 80 च्या 80 चक्क्यांची वरची यंत्रं उतरवून किनाऱ्यावर आणून दुरुस्त करून परत वर चढवली. हे वाचलं आणि मला जरा बरं वाटलं. रिजेक्शन त्यांनाही आहे तर. हे काही त्या व्हिडिओत नव्हतं.

आणि ह्याच कंपनीला जर्मनीच्या किनाऱ्यावर, लुबमिनला, कोळशाचा 1600 मेगावॅटचा प्लांट बांधायचा होता. 2009 पर्यंत हा बेत चालू होता! तिथल्या लोकांनी विरोध केला, खाडीतलं पाणी तापेल, मासे जातील, उन्हाळ्यात फिरायला येणारी माणसं यायची बंद होतील, आणि शेवटी डिसेंबर 2009 मध्ये बेत सोडून दिला. त्याच महिन्यात कोपनहेगनला जगभरचे पुढारी हवामानावर बोलायला जमले होते. तेव्हाच्या साहेबांनी, आंडर्स एल्ड्रुप त्यांचं नाव, त्याच वर्षी सांगितलं होतं की आज आमची 85 टक्के वीज आणि उष्णता कोळसा-गॅसवर आहे आणि 15 टक्के बाकीच्यावर, ते एका पिढीत उलटं करू, 2040 पर्यंत. आतली बरीच माणसं हसली असणार असं आपलं मला वाटतं. कारण 85 वाल्यांचा पगार 85 मधूनच निघत होता.

मग 2012. गॅसचे भाव बसले, कंपनी कर्जात, रेटिंग घसरलं. नवीन साहेब आले, हेन्रिक पॉल्सन, आधी टेलिफोन कंपनीत होते आणि त्याच्याआधी लेगोमध्ये, ती ठोकळ्यांची खेळणी. त्यांनी किडूकमिडूक सगळं विकायला काढलं आणि समुद्रातला वारा धरला. पैसा कुठनं आणला ते मी दोनदा वाचलं, तो माझा धंदा आहे. पवनचक्क्यांचा एक प्रकल्प उभा करायचा, त्यातला निम्मा हिस्सा पेन्शन फंडाला विकायचा, त्या पैशात पुढचा उभा करायचा. शिवाय तेल-गॅसच्या विहिरी चालूच होत्या, तो पैसा वाऱ्यात. शिवाय 2014 साली गोल्डमन सॅक्सला 8 अब्ज क्रोनरना (क्रोनर म्हणजे तिकडचं चलन) 18 टक्क्यांच्या आसपास हिस्सा दिला, त्यावरनं डेन्मार्कात लोक रस्त्यावर आले, की सरकारी कंपनी अमेरिकन बँकेला का देता, आणि सरकारमधला एक पक्ष बाहेर पडला. 2016 ला शेअर बाजारात, 2017 ला तेल-गॅसचा धंदा इनिओस नावाच्या रसायन कंपनीला विकला, आणि मग नाव बदललं. डाँगमध्ये 'ऑइल' आणि 'गॅस' ही अक्षरं होती, ती चालेनात.

म्हणजे ठरवलं आणि बदललं असं कुठंच दिसत नाही. लोकांनी एक दार बंद केलं, भावानं दुसरं बंद केलं, कर्जवाल्यांनी तिसरं, आणि जे उरलं त्यातनं ही माणसं गेली. पण गेली हे खरं आहे, आणि दार उघडं दिसूनही आत न जाणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत. मला यात काही कमीपणा वाटत नाही. मामाही असाच गेला. फक्त त्याच्या गोष्टीला पियानो लावला नाही कुणी.

नवीन नाव ज्याचं घेतलं तो हान्स क्रिश्चन ऑर्स्टेड, डेन्मार्कचा शास्त्रज्ञ. 1820 साली त्यानं बघितलं की तारेतनं वीज सोडली की शेजारच्या होकायंत्राची सुई हलते. त्याच वाटेनं पुढं फॅरेडे वगैरे. आणि मामाच्या शेडमध्ये जी इंडक्शन भट्टी आहे तिच्यात जाळ नाहीच, तांब्याचं वेटोळं आहे, त्यातनं वीज फिरते आणि मधलं लोखंड आपलं आपण तापतं, सगळा खेळ त्या सुईचाच. हे मी ग्रुपवर लिहिलं. मामानं अंगठा दाखवला.

85 चं उलटं 2040 ला व्हायचं होतं, ते 2019 लाच झालं, 21 वर्षं आधी. इथं मात्र माझ्यातली वहीवाली जागी झाली. त्या टक्क्यांत वारा किती आणि बाकी काय, तर बाकी म्हणजे लाकूड. कोपनहेगनजवळच्या अवेडोरेला, तिकडं स्टुडस्ट्रुपला, कोळशाच्या भट्ट्यांमध्ये कोळशाऐवजी लाकडाच्या गोळ्या जाळायला लागले. भट्टी तीच, चिमणी तीच, धूरही निघतोच, पण युरोपच्या हिशोबात लाकडाच्या धुरातला कार्बन चिमणीपाशी शून्य धरतात, झाड परत वाढतं म्हणून. नियमात बसतं. नियमात काय काय बसतं हे मला शिकवायला नको, माझं पोट त्यावर आहे. पण झाड वाढायला किती वर्षं आणि गोळी जळायला किती सेकंद, हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते काही मला सापडलं नाही.

आता वाऱ्याचं सांगायचं तर आपल्याकडच्या लोकांना पवनचक्की नवीन नाही. ठोसेघरला सहल गेली होती शाळेची, तिथनं पुढं चाळकेवाडीच्या पठारावर. धुकं इतकं की पुढचा पोरगा दिसत नव्हता, आणि त्या धुक्यात वरनं आवाज, ह्फ्फ... ह्फ्फ... ह्फ्फ, कुणीतरी दमादमानं श्वास घेतंय असा. दिसत काहीच नाही. मग एकदम धुकं फाटलं आणि डोक्यावर पातं, केवढं तरी. एक मुलगी रडायला लागली. पाटणच्या वर वनकुसवड्याला अशाच शेकड्यानं आहेत, इकडं सांगलीच्या ढालगावकडं, शिराळ्याच्या गुढे-पाचगणीला. तेव्हा एसटीतला एक आजोबा आम्हाला म्हणाला, "ह्या पंख्यांनी ढग फुटत्यात, म्हणून पाऊस न्हाई." त्या भागात हे पुष्कळांनी धरलं होतं तेव्हा, दुष्काळाची वर्षं होती. शास्त्र काही त्याला दुजोरा देत नाही. पण डोंगर माझा, वारा माझ्या डोंगरावरचा, वीज चालली तारेतनं खाली शहरात, आणि माझ्या हातात एकदाच मिळालेले जमिनीचे पैसे, तेही भावाभावात वाटून, तर माणूस ढगाबद्दल बोलणार नाही तर कशाबद्दल बोलणार?

समुद्राला सातबारा नाही. मला वाटतं या सगळ्या धंद्याचं अर्धं गुपित तिथं आहे. वारा तिथं जोराचा आणि सलग हे आहेच, पण वाटण्या नाहीत, बांधावरची भांडणं नाहीत, कुणाच्या घरावर सावली नाही. इंग्लंडच्या किनाऱ्यापासनं 120 किलोमीटर आत, म्हणजे कोल्हापूरहून बेळगावच्याही पुढं जाल एवढं लांब, ऑर्स्टेडनं हॉर्नसीला 174 चक्क्या लावल्या, 1200 मेगावॅट. तिच्याशेजारची दुसरी 2022 ला पुरी झाली, तिथली एकेक चक्की 8 मेगावॅटची, म्हणजे एकटी विंडेबीच्या अकरांना भारी. आपलं कोयना सगळं मिळून 1960 मेगावॅट. अर्थात सातबारा नसला तरी समुद्र रिकामा नसतोच, जाळी टाकणाऱ्यांना विचारा. आपल्याकडं खंबातच्या आखातात आणि तमिळनाडूच्या टोकाला करायचं चाललंय, 2015 ला धोरण आलं, 2024 च्या जूनमध्ये केंद्रानं पहिल्या 1000 मेगावॅटसाठी 7453 कोटी मंजूर केले, पण मी हे लिहितेय तोवर पाण्यात एक चक्की उभी राहिलेली नाही. कोकणाचं नाव यादीत पुढं नाही. आपला वारा पावसाळ्यात भरून वाहतो आणि मग बसतो.

हे सगळं मी रविवारी जेवताना मामाला सांगत होते. पांढऱ्या रश्श्याची दुसरी वाटी चालू होती. त्याला एस्बर्गचं आवडलं. एस्बर्ग हे डेन्मार्कचं बंदर, आधी मासेमारीचं, मग तेलाचं, आता युरोपातल्या समुद्री पवनचक्क्यांतल्या पुष्कळशा तिथनं जहाजावर चढतात. आणि त्याच बंदराच्या काठावर कोळशाचा प्लांट, त्याची चिमणी 250 मीटर, देशात सगळ्यात उंच. पवनचक्क्यांच्या पात्यांची जहाजं त्या चिमणीच्या पुढनं जायची. कंपनीनं सांगितलं होतं 2023 ला कोळसा बंद. पण 2022 ला युक्रेनचं युद्ध पेटलं, रशियाचा गॅस थांबला, आणि डेन्मार्कच्या सरकारनंच हुकूम काढला की तीन युनिटं चालू ठेवा, दोन कोळशाची, एक तेलाचं, जून 2024 पर्यंत. एस्बर्गचा कोळसा शेवटी 2024 च्या ऑगस्टअखेर विझला.

मामानं वाटी खाली ठेवली. "बघ," दादाला म्हणाला, "ठिवली हुती म्हणून चालली का न्हाई?"

दादा म्हणाला, पप्पा, आपल्याला कपोला चालवायला आता परवानगीच नाही.

"परवानगी लागंल तवा मिळती. त्यास्नी मिळाली न्हवं?"

मी ज्याला माया समजत होते ती विम्याची पॉलिसी निघाली. का दोन्ही, देव जाणे. मामी म्हणाली, ह्यांचं काय ऐकतीस, आत विटा हायत का बघा आधी, मांजर व्यालंय तिथं. आणि सोलरवाल्यानं नंतर पॅनेलं ऑफिसच्या स्लॅबवर थोडी, शेडवर थोडी अशी बसवली, वायर जास्त लागली, त्याचं बिल माझ्याकडं आलं, मी ते सोलरच्याच किमतीत धरलं. विषय संपला. पत्र्यावरच्या सावलीनं काय कुणाचं दिवाळं निघत नाही.

दिवाळ्यावरनं आठवलं, ऑर्स्टेडची पुढची गोष्ट व्हिडिओत नव्हती ती अशी की 2023 च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी अमेरिकेत न्यू जर्सीसमोरचे दोन मोठे प्रकल्प सोडून दिले. व्याजदर चढले, सुट्या भागांचे भाव चढले, वीज विकायचा भाव आधीच ठरवून बसलेले. 28 अब्ज क्रोनरच्या वर रक्कम वहीतनं पुसावी लागली, शेअर 2021 च्या वरच्या भावाच्या पाव हिश्श्याच्याही खाली आला. 2025 ला आणखी एक प्रकल्प, ऱ्होड आयलंडकडचा, बराचसा बांधून झालेला असताना ट्रम्प सरकारनं थांबवला, मग कोर्टानं परत चालू करू दिला. भागधारकांकडं 60 अब्ज क्रोनर नवे मागायला लागले. ज्या हिशोबानं माणूस वाऱ्याकडं जातो तोच हिशोब त्याला वाऱ्यातही गाठतो. दादाला मी हे सांगितलं तर म्हणाला, "म्हंजे करायचंच नाही का काय?" तसं नव्हे रे. मला फक्त ती गोष्ट खाडाखोडीसकट पाहिजे होती.

तात्यांचं राहिलं. इंडक्शन आली आणि रंग बघायचं काम राहिलं नाही, तापमानाचा आकडा डिस्प्लेवर येतो. मामानं त्यांना काढलं नाही, लॅडल तापवायला ठेवलं, मग वाळूच्या मिक्सरवर, मग गेटवर. पगार तोच. त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण गेटवरच्या खुर्चीत ती निळी काच खिशात असायची. एकदा डिस्प्ले बिघडला होता तर दादा पळत बोलवायला गेला. तात्या आले, बघितलं, म्हणाले, अजून थोडं. नंतर मीटर दुरुस्त झाला आणि त्यांना परत कुणी बोलावलं नाही. आता भुदरगडला गावी असतात. डेन्मार्कात त्या भट्ट्यांवरच्या माणसांचं काय झालं असेल, ती पवनचक्क्यांवर चढली का घरी गेली, हे मला वाचायचं होतं, पण मी जे वाचत होते त्यात सगळं मेगावॅटमध्ये होतं.

परवा पुण्याच्या त्याच गिऱ्हाईकाकडनं एक एक्सेल आली. युरोपनं बाहेरनं येणाऱ्या लोखंड-पोलादावर कार्बनचा हिशोब लावलाय, 2023 च्या ऑक्टोबरपासनं नुसती माहिती मागत होते, 2026 पासनं पैसे. यांचा माल तिकडं जातो, म्हणून हे आम्हाला विचारतात, की एक किलो कास्टिंगमागं, म्हणजे ओतलेल्या मालामागं, कार्बन किती. दादा आणि मी ऑफिसात बसलो भरायला. वीज कुठली? महावितरण. महावितरणची वीज कशाची? बरीचशी कोळशाची, चंद्रपूर-कोराडी वगैरे, आणि ते आकडे टाकले की आमचं किलोमागचं उत्तर कुठच्या कुठं जातं. जे कोकचं खातं मी टॅलीत बंद केलं होतं ते विदर्भात चालूच होतं म्हणायचं. सोलरचा भाग वजा केला. बरं दिसायला लागलं. दादा खूश.

मामा मागं येऊन उभा होता, चष्मा कपाळावर. म्हणाला, "वाळूतली भुकटी धरलीसा काय?"

कोळशाची भुकटी. मोल्डच्या वाळूत बेंटोनाइट या चिकट मातीबरोबर घालावीच लागते, नाहीतर कास्टिंगचा पृष्ठभाग खडबडीत येतो, रस आत गेला की ती जळते, तो काळा वास त्याचाच. इंडक्शन येवो नाहीतर सोलर येवो, ती चालूच आहे. मी एक्सेल वरनं खालपर्यंत बघितली, तिला रकानाच नव्हता. दादा म्हणाला, "विचारलंच नाही त्यांनी, सोडा की पप्पा."

"विचारलं न्हाई म्हणून काय झालं. जळतीया न्हवं? लिव."

"आपलाच आकडा वाढतोय."

"वाढू दे."

दादा थोडा वेळ स्क्रीनकडं बघत बसला, मग शेवटच्या ओळीखाली एक ओळ वाढवली. महिन्याला किती पोती लागतात ते त्याला पाठ नव्हतं, मलाही नव्हतं, माझ्याकडं ते 'इतर कंझ्युमेबल्स'मध्ये बाकीच्यात मिसळून जातं. तो खुर्चीवरनं उठला आणि मोल्डिंगवाल्यांना विचारायला शेडकडं गेला.